रानडुकरामागें कुत्रीं : परवानगी कोणाची?

भुईमुगाच्या शेंगा भरूं लागल्या, मक्याच्या कणसांत दूध धरलें, कीं डोंगरालगतच्या शेतकऱ्याची झोंप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रींत जेवढें खातो, त्याच्या कितीतरी पट उकरून व तुडवून टाकतो. अशा वेळीं गांवचीं चार धीट कुत्रीं सोडून कळपाचा पाठलाग करावा, ही पूर्वापार वहिवाट. आमच्या पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांनीं ती पाळली असेल. परंतु आज तीच वहिवाट गुन्हा ठरते हें अनेकांस ठाऊक नसतें. आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांसही दाद नेमकी कोणाकडे मागावी हें उमगत नाहीं. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९१२ च्या कायद्यांत, मालमत्तेच्या रक्षणार्थ प्रामाणिकपणें जनावर मारणें गुन्हा मानलें जात नसे. पुढें राज्यघटनेनें वन्य पशुपक्ष्यांचें रक्षण हा विषय राज्यांच्या सूचींत घातला व मुंबई राज्यानें १९५१ मध्यें आपला स्वतंत्र कायदा केला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संसदेनें केला खरा, पण तो अकरा राज्यांच्या विधानमंडळांनीं ठराव केल्यानंतर. महाराष्ट्रानें तो मागाहून स्वीकारला. पुढें १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें हा विषय राज्यसूचींतून काढून समवर्ती सूचींत नेला. तेव्हांपासून राज्याचा कायदा मध्यवर्ती कायद्याशीं विसंगत असेल, तर राष्ट्रपतींच्या संमतीवांचून तो टिकत नाहीं. शेती हा विषय मात्र राज्याकडेच राहिला. पीक एका सूचींत व पीक खाणारें जनावर दुसऱ्या सूचींत, असा हा विलक्षण प्रकार आहे.

आतां कुत्र्यांविषयीं. या कायद्यांतील 'शिकार' या शब्दाची व्याप्ति मोठी आहे. केवळ ठार मारणेंच नव्हे, तर पाठलाग करणें, हांकून नेणें, फांस लावणें व यांचा नुसता प्रयत्न करणें, हें सर्व शिकारींत येतें. सशामागें कारवानी कुत्रा सोडणारा मनुष्य ससा हातीं न लागला तरी दोषी ठरूं शकतो. शिवाय एका जनावरास दुसऱ्यावर झुंजीसाठीं चिथावणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं निराळा गुन्हा आहे, आणि तो कायदाही संसदेचाच. रानडुकराच्या शिकारीबद्दल तीन वर्षेंपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

मग शेतकऱ्यानें काय करावें? स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं सद्बुद्धीनें जनावर मारल्यास तो गुन्हा नव्हे. पण पीक वांचविण्यासाठीं परवानगी लागते. उभ्या पिकास धोका असल्यास राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी, कारणें नमूद करून, लेखी आज्ञेनें शिकारीस मुभा देऊं शकतो. मात्र जनावर 'उपद्रवी' म्हणून जाहीर करून कांहीं मुलखांत, कांहीं काळापुरतें त्याचें संरक्षण काढण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारनें आपल्या हातीं ठेविला आहे. बिहारमध्यें नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडांत रानडुक्कर आणि हिमाचलांत माकड यांविषयीं २०१५–१६ मध्यें अशा अधिसूचना निघाल्या. परवानगीनें मारलेलें डुक्करही शेतकऱ्याचें होत नाहीं; तें राज्य सरकारची मालमत्ता ठरतें. कायदा मध्यवर्ती सरकारचा, मेलेलें जनावर राज्य सरकारचें, आणि बुडालेलें पीक तेवढें शेतकऱ्याचें!

हा तंटा आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिकारीचे नियम मुख्यत्वें राज्यें करितात. म्हणून ऑरेगनमध्यें १९९४ सालीं व वॉशिंग्टन राज्यांत १९९६ सालीं लोकमतानें अस्वलामागें कुत्रीं सोडण्यास बंदी आली, तर इतर कांहीं राज्यांत ती चाल कायम राहिली. तथापि मध्यवर्ती सरकारच्या मालकीच्या जमिनीवर वाद उभा राहतो. अलास्का राज्यानें मुभा दिलेली काळ्या अस्वलाची कुत्र्यांसह शिकार तेथील राष्ट्रीय राखीव मुलखांत मध्यवर्ती उद्यानखात्यानें २०१५ मध्यें बंद केली व २०२० मध्यें तीच बंदी उठविली. सत्ता दूर असली कीं नियम वाऱ्याप्रमाणें फिरतो, हा यांतील बोध.

याचा अर्थ सर्व अधिकार राज्याकडे किंवा गांवाकडे सोंपवावा, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. मोकाट कुत्र्यांनीं हरणें फाडल्याचें आपण पाहतों. त्यांच्यापासून रानांत रोग पसरण्याची भीतिही असते. संरक्षणाची किमान मर्यादा सर्व देशास एकच असावी, हें रास्त आहे. परंतु त्या मर्यादेच्या आंत निर्णय शेताच्या जवळ व्हावा. केरळ सरकारनें २०२२ मध्यें ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या प्रमुखांस रानडुकरांबाबत परवानगी देण्याचा अधिकार दिला. विष, स्फोटकें व विजेचा धक्का मात्र वर्ज्य ठेविला. हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. पंधरा दिवसांनीं आलेली आज्ञा काढून नेलेल्या पिकाच्या कामीं येत नाहीं.

तोंपर्यंत आमची सूचना इतकीच. कुत्रें राखणीस अवश्य ठेवावें, त्यास पिसाळरोगाची लस टोंचावी, पण तें मचाणापाशीं बांधून ठेवावें. त्याचें भुंकणें पुष्कळ काम करितें. नुकसान दिसतांच त्याच दिवशीं वनखात्याकडे लेखी अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा, पोंच जपून ठेवावी आणि भरपाईची मागणी सोडूं नये. एकट्याचा अर्ज दप्तरांत पडून राहतो. सबंध गांवानें सर्व्हे नंबरवार यादी जोडून केलेला अर्ज पडून राहणें कठीण जातें. रागाच्या भरांत कुत्रीं सोडणारा शेतकरी एका रात्रीचें समाधान मिळवील, पण पिकामागून कोर्टाची पायरीही त्याच्याच वांट्यास येईल.