गावखडी ते आंबोळगड : मोकळ्या पुळणींचा किनारा

कोकणात समुद्रावर जायचं ठरलं की मुंबई-पुण्याच्या माणसाच्या तोंडी ठरलेली नावं येतात. अलिबाग, मुरूड, दापोली, गणपतीपुळे, नाहीतर एकदम मालवण-तारकर्ली. गणपतीपुळे पाहून गाडी महामार्गाला लागते ती थेट सिंधुदुर्गात किनाऱ्याकडे वळते. मधला रत्नागिरीच्या दक्षिणेचा आणि राजापूर तालुक्याचा किनारा तसाच राहून जातो. गावखडी, कशेळी, वेत्ये, आंबोळगड ही गावं कितीजणांनी पाहिली आहेत? राजापूरचं नाव वर्तमानपत्रात येतं ते अणुऊर्जा प्रकल्पाच्या किंवा तेलशुद्धीकरण कारखान्याच्या वादात. त्या वादांच्या अलीकडे-पलीकडे इथे एक सुरेख समुद्र आहे, हे सांगायचं राहूनच गेलं आहे.

इथे माणसं का येत नाहीत, याचं उत्तर नकाशात आहे. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आत. कोकण रेल्वेचं राजापूर रोड स्थानक तर राजापूर गावाच्याही पूर्वेला, म्हणजे समुद्राकडे पाठ करूनच उतरायचं. किनारा गाठायचा तर जांभ्याचा सडा ओलांडावा लागतो. सडा म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेला काळपट, सपाट कातळ. त्यावर मधूनच करवंदीची जाळी, एखादी चिरेखाण, गुरांची वाट. उन्हाळ्यात हे दृश्य इतकं रखरखीत दिसतं की पुढे काही असेल असं वाटतच नाही. मग सडा संपतो, रस्ता वळणं घेत खाली उतरतो आणि माडापोफळीच्या आगरांत शिरतो. आगर संपलं की पुळण. त्यातच डोंगराच्या सोंडा ठिकठिकाणी समुद्रात घुसलेल्या, नद्यांच्या खाड्या आडव्या आलेल्या. त्यामुळे सलग मोठा किनारा कुठे नाही. प्रत्येक गावाची पुळण वेगळी, आपापल्या दोन टेकड्यांच्या मध्ये.

सोयीची वाट रत्नागिरीहून पावसमार्गे. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपर्यंत वर्दळ असते, तिथून पुढे ती झपाट्याने ओसरते. पुढचं पूर्णगड मुचकुंदी नदीच्या मुखावर आहे. किल्ला लहान, पण समुद्राकडचा तट देखणा. पूल ओलांडला की गावखडी.

गावखडीचा किनारा या पट्ट्यातला सर्वांत ऐसपैस. सुरूच्या बनातून चालत बाहेर आलं की एका बाजूला खाडीचं मुख, समोर लांबच लांब ओली वाळू. मी गेले ती सकाळची वेळ होती. किनाऱ्यावर रात्रीच्या कुर्ल्यांच्या नक्षीखेरीज पावलं होती ती एकाच माणसाची. गावातला एक तरुण पहाटे उठून किनारा चालून येतो, तो इथला कासवमित्र. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर चढते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पुढचं वाळू आणि ऊन पाहतात. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. आता ती उचलून जाळीच्या कुंपणात पुन्हा तेवढ्याच खोलीवर पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी सुरू केलेलं हे काम आता जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांपर्यंत पोचलं आहे. वेळासच्या महोत्सवाला गर्दी होते. गावखडीला ती नाही.

त्या तरुणाला मी विचारलं, सगळ्यात त्रास कशाचा? मला वाटलं तो कुत्र्यांचं नाव घेईल. तो म्हणाला, “गाड्यांचा. सुट्टीत पोरं जीप वाळूवर घालतात. चाकाखाली वाळू दाबली गेली की खालचं पिल्लू वर येणार कसं?” वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, हेही त्यानेच समजावलं, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात म्हणून किनाऱ्यावर दिवे नकोत, हेसुद्धा. एवढं सगळं जाणणारा हा मुलगा इतर दिवसांत आंब्याच्या बागांत मजुरी करतो. गावात पाहुणा आला तर त्याच्यासारख्याच्या हाती चार पैसे पडावेत, अशी व्यवस्था अजून नाही.

गावखडीहून पुढे रस्ता पुन्हा सड्यावर चढतो आणि कशेळी येते. या भागात एकच गाव पाहायला वेळ असेल तर कशेळीच पाहावी.

कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं महाराष्ट्रात फार थोडी, आणि आजही नित्य पूजा असलेली त्याहून थोडी. देऊळ कौलारू कोकणी घरासारखं बसकं, ऐटदार. लाकडी खांबांचा सभामंडप, आत काळ्या पाषाणातला सूर्य. देवळाच्या आवारात एक वयस्क गृहस्थ भेटले. पंचे वाळत घालता घालता त्यांनी कथा सांगायला सुरुवात केली, आणि मग पंचे बादलीतच राहिले.

कथा अशी. सौराष्ट्रात प्रभासपाटणला सूर्याच्या बारा मूर्ती होत्या. अल्लाउद्दीन खिलजीची फौज येते आहे हे कळल्यावर पुजाऱ्याने त्यातली एक मूर्ती दक्षिणेकडे जाणाऱ्या गलबतावर चढवली. वारं चांगलं होतं, गलबत कशेळीसमोर आलं आणि थांबलं. शीड भरलेलं, तरी गलबत हलेना. नाखव्याने नाना उपाय केले. शेवटी त्याच्या मनात आलं की देवालाच पुढे जायचं नसेल. त्याने मूर्ती उतरवून कड्याच्या पोटातल्या एका घळीत ठेवली, आणि गलबत सुटलं. गावात कनका नावाची एक गणिका राहत होती, सूर्याची मोठी भक्त. देव तिच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, मी घळीत आहे, मला वर ने. तिने गावकऱ्यांना गोळा केलं. ते तिला घेऊन कड्यापाशी गेले, मूर्ती सापडली, वर आणली, देऊळ उभं राहिलं. म्हणून देवाचं नाव कनकादित्य.

मला या कथेतलं गलबत फारसं भुलवत नाही. न हलणारी गलबतं आणि गाडे आपल्या बऱ्याच देवस्थानांच्या कथांत असतात. मला भुलवते ती कनका. गावात ब्राह्मण होते, खोत होते, पण देव स्वप्नात आला तो तिच्या. आणि गावाने ती गोष्ट झाकली नाही. आदित्याच्या आधी तिचं नाव जोडलं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने आरती केली. ते गृहस्थ हे सांगताना एकदाही अडखळले नाहीत. देवाने कोणाकडे जावं हे देवाने ठरवलं, एवढंच त्यांचं म्हणणं.

इतिहासाचा धागा इथे थोडा वेगळा जातो. शिलाहार राजा दुसरा भोज याचा कशेळीचा ताम्रपट प्रसिद्ध आहे, शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा. खिलजीची गुजरातवरची स्वारी १२९९ ची. म्हणजे मूर्ती कथेप्रमाणे आली असेल तर ती आली तेव्हा कशेळी राजदानाइतकी नांदती होऊन शंभर वर्षं उलटली होती. गुजरातेतली गलबतं तर या किनाऱ्याला शतकानुशतकं येत होती. देव समुद्रातून आला हे सांगायला गावाला काहीच अवघड नव्हतं. इथे सगळंच समुद्रातून यायचं.

ती घळ आजही आहे, देवघळी. सड्याच्या कडेवर उभं राहिलं की पायाखाली उभा कडा आणि तळाशी काळ्या खडकांत फुटणाऱ्या लाटा. डावी-उजवीकडे पाहावं तिकडे तांबड्या जांभ्याचे कडे समुद्रात उतरलेले. अलीकडे या जागेच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्या आहेत आणि संध्याकाळी मावळतीला थोडी गर्दी होते. गर्दीमागोमाग चिप्सच्या पिशव्या आणि बाटल्याही आल्या आहेत. कनकाने देव जिथून वर आणला तिथे आपण प्लास्टिक खाली टाकतो, याचं मला फार वाईट वाटलं. तिथे एक कचऱ्याचा डबा नाही, धोक्याची पाटी नाही, बाईमाणसाला जायला स्वच्छतागृह नाही. एवढ्या तीन गोष्टींना किती खर्च येतो?

कशेळीच्याच सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. हा हत्ती १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात, पायांत, सोंडेत इतर प्राणी नि जलचर कोरलेले. एका नजरेत तो मावत नाही, कडेने हळूहळू चालावं लागतं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून अशी कातळशिल्पं उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातल्या अशा नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात कशेळी आहे, राजापूरजवळचं बारसूही आहे. आज कशेळीच्या सड्यावर सावलीला झाड मिळणं मुश्कील, तिथे कुणा अनाम माणसाने कधीकाळी इतका मोठा हत्ती कोरला. त्याने हत्ती कुठे पाहिला असेल?

पुढे आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घ्यावं आणि वेत्येकडे उतरावं. वेत्येची पुळण शांत, गावाच्या कुशीत. इथेही कासवं येतात. आगराच्या कडेच्या एका घरात सांगून ठेवलं तर जेवण मिळतं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, बाजारात मिळाले असतील तर मासे, वर सोलकढी. ज्या काकूंनी जेवू घातलं त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला. आजूबाजूची घरं त्यांनी बोट दाखवून मोजली. हे गणपतीत उघडतं, ते शिमग्यात, ते तर दोन वर्षं बंदच. मुलगे परत येतील का, विचारलं. “इथे पोटाला काही असलं तर का नाही यायचे?” एवढंच त्या म्हणाल्या आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंत येताना ‘समुद्रदर्शन’ प्लॉट विकण्याच्या पाट्या दिसल्या. सड्यावर तर त्या जागोजागी आहेत. रेवस-रेडी सागरी महामार्गाची कामं चालू आहेत, रस्ता रुंद होईल, पूल होतील, गाड्या येतील. तोवर जमिनी कोणाच्या हातात असतील, हा खरा प्रश्न. काकूंच्या मुलांनी इथे चार खोल्या बांधून पाहुणे ठेवले तर घर उघडं राहील. प्लॉट विकून कुणा बाहेरच्याचं हॉटेल झालं तर त्याच मुलांना तिथे नोकर म्हणून यावं लागेल.

या वाटेवरचं शेवटचं गाव आंबोळगड. गगनगिरी महाराजांच्या आश्रमामुळे भाविक येतात. किल्ल्याचे थोडेसे अवशेष उरले आहेत. जवळच गोडवण्याची पुळण आहे, लहान आणि अतिशय स्वच्छ. शेजारी नाटे आणि मुसाकाजी, इथला मासळीचा कारभार. जैतापूरच्या खाडीतून राजापूर बंदरापर्यंत एकेकाळी विलायती माल जायचा. इंग्रजांची वखार, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिला दिलेला तडाखा हे सगळं शाळेत झालेलं आहे. खाडीच्या पलीकडे माडबनचा सडा, जिथे सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प योजला आहे. नाट्याच्या मच्छीमारांशी बोलताना तो विषय निघतोच. प्रकल्पातलं गरम पाणी समुद्रात सुटलं तर मासळी कुठे जाईल, हा त्यांचा प्रश्न पंधरा वर्षं तोच आहे. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण या पुळणींकडे पाहायला कोणी येतच नसेल, तर इथे गमावण्यासारखं काही आहे हे बाहेरच्या जगाला कळणार तरी कसं? म्हणून मला वाटतं, माणसांनी इथे यावं. थोड्या माणसांनी, नीट यावं.

यायचं तर दिवाळीनंतर ते आंब्याच्या हंगामापर्यंत. कशेळीचा उत्सव रथसप्तमीला असतो, तो गाठता आला तर उत्तम. देवघळीकडे जाताना भरती-ओहोटीची वेळ गावात विचारा आणि खडकांवरून समुद्रात उतरू नका, इथल्या कोणत्याही किनाऱ्यावर जीवरक्षक गृहीत धरू नका. गाडी सुरूच्या बनाअलीकडे ठेवा. रात्री वाळूवर विजेऱ्या मारू नका. कातळशिल्पावर बूट घालून चढू नका. गावातल्या घरी जेवा, गावातल्याच घरी राहा आणि मागतील ते पैसे घासाघीस न करता द्या. आणि येताना आणलेली प्रत्येक बाटली परत घेऊन जा.