'मल्हार' स्थानकावरची माणसं

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर इंदूरात झालेल्या एका शोकसभेत एका वक्त्यांनी त्यांच्या विज्ञानाचं तोंडभर कौतुक केलं आणि जाता जाता एक वाक्य टाकलं: "कथांमधली पात्रं मात्र कागदी." समोरच्या माना होकारार्थी हलल्या. शोकसभेत वाद घालायचा नसतो, म्हणून तिथे काही बोललो नाही. पण ते वाक्य मनातून जात नाही. हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकत आलो आहे, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' नीट वाचली असेल याची मला शंका आहे.

गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. ही झाली कल्पना. माणूस कुठे दिसतो? आझाद मैदानावर एक सभा चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना ते पाहवत नाही. ते तडक जाऊन खुर्चीत बसतात आणि बोलायला लागतात. त्या जगात अध्यक्ष ही चीजच लोकांनी केव्हाची मोडीत काढलेली असते, त्यामुळे पंतांना चोप मिळतो. जग बदललं, इतिहास बदलला, पण खोड तशीच राहिली. अशी माणसं मी इंदूरातल्या प्रत्येक मराठी मंडळात पाहिली आहेत. याला कागदी म्हणायचं असेल तर मग सजीव कशाला म्हणायचं, ते तरी सांगा.

नारळीकरांनी स्वतःही एक पात्र वठवलं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी केलेली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं, मग खरं नाव बाहेर आलं. आपल्या नावाचं वजन बाजूला ठेवून दुसऱ्याच्या कातडीत शिरायचं, ही गोष्ट पुढे एका खेळासाठी जमलेल्या आमच्या टोळक्याला फार भावली होती. कारण आम्हीही तेच करत होतो.

इंदूरच्या मराठीपणाचा आमच्या खेळाआधीचा इतिहास मी झरझर उलटतो. होळकरांचं राज्य, १९१७ आणि १९३५ची साहित्य संमेलनं, हे सगळं आमच्या वडीलधाऱ्यांनी इतक्या वेळा ऐकवलं आहे की त्यात माझ्याकडून भर पडायची नाही. मला सांगायचं आहे ते १९८४ ते १९९३ या काळाबद्दल.

१९८४ साल विसरणं शक्य नाही. एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले. त्याच वर्षी इंदूरच्या सुखनिवास भागात प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली, ज्याला सगळं गाव 'कॅट' म्हणतं. नोव्हेंबरच्या दंगलीत राजवाडा जळाला, आणि डिसेंबरात भोपाळची वायुगळती झाली. रामबाग आणि राजेंद्रनगरच्या आम्ही काही पोरापोरींनी त्या हिवाळ्यात एक जाड वही आणली आणि एक खेळ सुरू केला. एक अंतराळस्थानक, नाव 'मल्हार'. प्रत्येकाचं त्यावर एक पात्र. वही घरोघर फिरायची. ज्याच्याकडे वही, त्याने आपल्या पात्राचं लिहायचं, फक्त आपल्याच. रविवारी सगळे जमायचे. एक जण सूत्रधार, तो सोंगट्यांच्या डावातले फासे टाकून संकट ठरवायचा: उल्का, बिघाड, टंचाई. परदेशात असे खेळ छापील नियमांनिशी खेळले जातात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं, त्यामुळे सुरुवातीला स्थानकावर सगळेच कप्तान होते. आमच्यातले एक काका हौशी रंगभूमीवर मुरलेले. बाबा डिकेंच्या 'नाट्यभारती'ची नाटकं बघत वाढलेल्या पिढीतले. त्यांनी पहिली पानं वाचली, वही मिटली आणि विचारलं, "पोरांनो, या स्थानकावरचे संडास कोण धुतं?" कुणाकडे उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "मग अजून स्थानक झालेलंच नाही. प्रत्येकाने आधी पोटापाण्याचं सांगा. सकाळी उठून तुमचा माणूस काय करतो? आणि त्याला काय येत नाही?"

पुढच्या रविवारी कप्तान एकच उरला. बाकी स्वयंपाकी, हिशेबनीस, हवेच्या खात्यातली बाई आणि एक जॉबर. हा जॉबर, म्हणजे मिलमधला मुकादम, आमच्या एका मित्राचा. त्याचे वडील हुकुमचंद मिलमध्ये मागांच्या खात्यात होते. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढून त्यांना कमी ऐकू यायचं, तसंच त्याच्या पात्रालाही. आधी ही गोष्ट आम्हाला रंग भरण्यापुरती वाटली. पण सूत्रधाराने एकदा फासे टाकले आणि मालाच्या कोठीत धोक्याची घंटा वाजली. जॉबर आत एकटाच. त्याला घंटा ऐकू आलेली नाही. आता त्याला बाहेर काढायला कुणाला तरी जावं लागणार! शेवटी गेला तो हिशेबनीस, जो तोवर वहीत फक्त आकडे लिहीत होता. त्या रात्री पहिल्यांदा तो आम्हाला माणूस म्हणून दिसला. जॉबरच्या बहिरेपणाने हिशेबनीस घडला.

सगळ्यांनी मिळून रचायच्या गोष्टीत पात्र खरं वाटतं ते त्याला काय येतं यावरून नाही. त्याचं कशावाचून अडतं आणि ते अडलेलं कोण सोडवतो, यावरून वाटतं. एकट्याने लिहिलेल्या कादंबरीत सर्वगुणसंपन्न नायक एक वेळ खपून जातो. चौघांच्या खेळात तो इतर तिघांना बेकार करतो.

हवेच्या खात्यातली बाई जिने उभी केली, तिची मावशी भोपाळची. एकदा स्थानकावर वायू गळाला. सगळ्यांनी धावपळ लिहिली, झडपा बंद केल्या, आरडाओरडा केला. तिने लिहिलं की बाईने आधी फडकं पाण्यात बुडवलं, नाकातोंडावर घट्ट बांधलं आणि मगच दार उघडलं. बस्स, एवढंच. बाईच्या भूतकाळाबद्दल एक अक्षर नाही. वाचताना खोलीत कुणी बोललं नाही. डिसेंबर १९८४ नंतर मध्य प्रदेशात ओल्या फडक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

पुढे कुणाच्या तरी आतेभावाने परदेशातून 'ट्रॅव्हलर' नावाच्या खेळाच्या तीन काळ्या पुस्तिका आणल्या. मार्क मिलर यांनी १९७७ साली काढलेला हा खेळ. त्यात पात्र जन्माला घालायची रीतच निराळी. आधी त्याची नोकरी: नौदल, लष्कर, व्यापारी जहाजं. चार-चार वर्षांचा एकेक टप्पा, आणि दर टप्प्याला फासे. बढती मिळाली का, नवं काही शिकला का, जगला का. होय, खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र मरू शकतं! चौतिशीपासून म्हातारपणाचे फासे वेगळे. शेवटी हातात येतो तो चाळिशीकडे झुकलेला, निवृत्त, थोडंफार शिकलेला, कुठेतरी मार खाल्लेला माणूस. ते वाचून काका खूश झाले. म्हणाले, "बघा, अमेरिकेतल्या माणसालाही कळलं की नोकरी केल्याशिवाय स्वभाव बनत नाही."

१९९०च्या सुमारास आम्ही वहीतला एक भाग स्वच्छ लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठवला. तो परत आला. सोबत ओळ होती: लेखक म्हणून एकच नाव द्यावे. आम्ही एक नाव द्यायला तयार नव्हतो. जॉबर एकाचा, बाई एकीची, संकट तिसऱ्याचं, मग एकच नाव कुणाचं घालणार? त्याच सुमारास मराठीच्या एका प्राध्यापकांनी आम्हाला सुनावलं की रॉकेटातल्या माणसाला सुखदुःख नसतं. सरांनी एका रविवारी येऊन बसावं म्हणून आम्ही आर्जवं केली. ते आले नाहीत. तो राग माझा अजून गेलेला नाही.

१२ डिसेंबर १९९१ला हुकुमचंद मिल बंद पडली. जॉबरवाला मित्र त्यानंतरच्या रविवारी आला, वही घेतली आणि लिहिलं की पृथ्वीवरची कंपनी बुडाली आहे आणि स्थानकावरच्या कुणाचाच पगार येणार नाही. सूत्रधाराला न विचारता. नियमाने ते चूक होतं, पण कुणी खोडलं नाही. पुढचं वर्षभर त्या वहीत उल्का आली नाही की बिघाड झाला नाही. स्वयंपाक्याने उधारी लिहिली, हिशेबनिसाने प्रत्येकाची थकबाकी मांडली, बाईने हवेची वाटणी केली. मराठी विज्ञानकथेत कामगारांच्या थकबाकीवर इतकं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. खऱ्या मिलच्या कामगारांचे पैसे सुटायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मित्राचे वडील तोवर राहिले नव्हते.

१९९३पर्यंत टोळकं पांगलं. कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला, कुणी न्यू जर्सीला. नंतरच्या वर्षांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. 'कॅट'मध्ये १९९९ साली इंडस-१ हा सिंक्रोट्रॉन सुरू झाला, २००१ साली साहित्य संमेलन पुन्हा इंदूरात आलं, २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. विज्ञानकथेला पाट मिळाला, याचा आनंद आहेच. पण एकत्र बसून माणसं घडवणं मात्र संपलं, आणि त्याची हळहळ कुणी केल्याचं ऐकलं नाही.

आता माझी पुतणी आणि तिचे कॉलेजातले मित्र असाच खेळ फोनवर खेळतात. मला कौतुक वाटलं, म्हणून पात्रं दाखवायला सांगितली. सगळे अनाथ. सगळे विशीतले. प्रत्येकात काहीतरी अलौकिक शक्ती, आणि प्रत्येकाच्या ग्रहाचा नाश झालेला. कुणाला नोकरी नाही, कुणाला उधारी नाही. एकाने पात्राचं चार पानी चरित्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेलं, आणि खेळायला गडी कमी पडला की त्याची उत्तरंही तीच देते. भाषा सफाईदार आहे, व्याकरण निर्दोष आहे, पण कुणाचं कुणावाचून काही अडतच नाही. वही चार दिवस दुसऱ्याच्या घरी असताना आपल्या माणसाचं काय होईल, ही हुरहूर या मुलांच्या वाट्याला आलेली नाही. यात त्यांचा दोष मी मानत नाही. आम्ही पांगताना मागे काहीच ठेवलं नाही, आणि मराठी मंडळांना सत्कारांतून सवड नव्हती.

मी त्यांना एकच गोष्ट मागितली: तुमच्या पात्राच्या डोक्यावर कुणाचं काय देणं आहे, ते दोन ओळींत लिहून आणा, मशीनला न विचारता. तिघांनी अजून आणलेलं नाही. पुतणीने आणलं. तिची वैमानिक आता वैमानिक नाही, हवेच्या गाळण्या तपासणारी आहे. एका गाळणीवर तिने न तपासताच सही केली होती, आणि त्या खोलीत झोपणारा माणूस तिच्या शेजारच्या टेबलावर रोज जेवतो. त्याला हे माहीत नाही. तो माणूस कोण, ते तिने लिहिलेलं नाही. गटातल्या कुणीतरी पुढे यावं म्हणून जागा मोकळी ठेवली आहे.