ख्रिस्ती बांधव परक्याला जवळ का करतात?

जामसर, जव्हार, मोखाडा हा पट्टा मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी समाजाचा. मुस्लिम आणि ख्रिस्ती इथे दोघेही थोडेच. माणसं थोडी असली की त्यांच्याविषयी ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात. ‘एवढं गोड बोलतात, म्हणजे मनात काहीतरी असणार,’ असं ख्रिस्ती लोकांविषयी सहज बोललं जातं. म्हणून या आपुलकीचं मूळ समजून घ्यायला हवं.

बायबलमध्ये हजरत ईसा (अ.) यांना एकजण विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरात ते गोष्ट सांगतात. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकलेल्या वाटसरूकडे त्याच्याच धर्माचे मोठे लोक पाहतात आणि निघून जातात. थांबतो तो तिरस्कृत जमातीचा शोमरोनी. तो जखमा बांधतो, धर्मशाळेत नेतो, खर्चही देतो. म्हणजे शेजारी जातीवरून ठरत नाही, मदतीवरून ठरतो. परक्याला घरात घेणं म्हणजे प्रत्यक्ष येशूला घेणं, अशीही त्यांची श्रद्धा आहे.

आपल्या इतिहासातही याचा पुरावा आहे. इ.स. 615 च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुस्लिम हबशाला गेले. कुरैशांनी नजराणे पाठवून त्यांना परत मागितलं. ख्रिस्ती राजा नजाशीने नकार दिला. हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरयम ऐकवली आणि ईसा (अ.) अल्लाहचे दास व प्रेषित आहेत, हेही स्पष्ट सांगितलं. श्रद्धेतला फरक लपवला नाही, तरी आसरा मिळाला. सूरह माइदाच्या 82 व्या आयतीतही ख्रिस्ती लोकांच्या जवळिकीचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रात मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. तिथे सगळ्या जातीधर्मांचे रुग्ण येत राहिले. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत सर्वांना बरोबर घेऊन पाण्यासाठी, जमिनीसाठी लढले. 2020 मध्ये उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. पण संमेलन झालं आणि अध्यक्षही तेच राहिले. 2024 मध्ये त्यांचं निधन झालं.

मिशनच्या सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, असा आक्षेप घेतला जातो. धर्मप्रचार मिशनच्या कामाचा भाग होता, हे खरंच. त्यावर मोकळेपणाने बोलावं, प्रश्नही विचारावेत. पण तेवढ्यावरून प्रत्येक मदतीला डाव म्हणणं हा अन्याय आहे. आपल्या इफ्तारच्या दावतीकडे कुणी असंच बघितलं, तर आपल्याला कसं वाटेल?

नाताळला शेजाऱ्याने बोलावलं तर जाऊन भेटावं, ईदला त्याला शीरखुर्म्याला बोलवावं. नमाज आपली, प्रार्थना त्यांची. शेजार मात्र दोघांचा.