हसवणाऱ्याचे सुतक

सुतकाचे नियम आपल्याकडे मोठे काटेकोर आहेत. भाऊबंदाचे दहा दिवस, लांबच्याचे तीन दिवस, आणि परगावची वार्ता फार उशिरा कळली तर नुसते डोक्यावरून स्नान. सगळे जुन्या मंडळींनी ठरवून ठेवले आहे. परंतु ज्याच्याशी नाते नाही, ओळखदेख नाही, ज्याने फक्त आपल्याला पोट दुखेपर्यंत हसवले, असा माणूस गेला तर त्याचे सुतक किती दिवस धरायचे, हे कोणत्याही पंचांगात दिलेले नाही.

हा प्रश्न आमच्या अहमदपूरच्या घरात २३ फेब्रुवारी २००९ रोजी सकाळी उभा राहिला. महाशिवरात्र होती. आई स्वयंपाकघरात भिजलेला साबुदाणा मोकळा करीत होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते. एकाएकी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले,

"लक्षुमनराव गेले."

आईने आतूनच विचारले, "कोन्ते? शिरूरचे का?"

शिरूर ताजबंदला आमचे त्या नावाचे एक दूरचे काका होते आणि ते बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले होते. आईने तेवढ्यात मनातल्या मनात एस.टी.ची वेळही काढली असावी.

"शिरूरचे न्हवं. वऱ्हाडवाले."

आई साबुदाण्याचा हात तसाच घेऊन बाहेर आली. क्षणभर उभी राहिली आणि मग उंबऱ्याशीच बसली. शिरूरच्या काकांची वार्ता असती तरी ती इतका वेळ बसली नसती, हे मी आज सांगून टाकतो. ते काकाही आता हयात नाहीत, तेव्हा रागावायचे नाहीत.

आदल्या दिवशी, रविवारी, प्राध्यापक डॉ. लक्ष्मण देशपांडे वारले होते. जन्म ५ डिसेंबर १९४३चा. म्हणजे वय पासष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. पण ही झाली कागदावरची ओळख. लोकांच्या लेखी ते 'वऱ्हाडवाले'. १९७९ साली त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. लिहिला त्यांनी, बसवला त्यांनी आणि केलाही एकट्यांनी. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. आपल्याकडच्या मुलाचे लंडनच्या गोऱ्या मुलीशी लग्न ठरते आणि मराठवाड्यातल्या खेड्यातले वऱ्हाड विमानात बसून लग्नाला निघते. त्यात बायाबापड्या, म्हातारेकोतारे, रुसणारे, फुगणारे, तो बबन्या, ते बाप्पा, मिळून बावन्न माणसे. आणि रंगमंचावर मोजून एक. गिनेस बुकानेही त्याची नोंद घेतली.

एकट्याने सभागृह भरून टाकण्याची किमया महाराष्ट्राला नवी नव्हती. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याच्या बळावर रंगमंचावर उभी केली होती. पण ती चाळ मुंबईची. आम्ही तिच्यावर जीव लावला खरा, परंतु पाहुण्यासारखा. दारात चपला काढून, संकोचून. हे दुसरे देशपांडे आले आणि आमचीच ओसरी उचलून त्यांनी रंगमंचावर ठेवली.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकले ते अंगणात, उघड्यावर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही गावे झोपेतच गाडली गेली. माणसे हजारोंनी गेली. अहमदपूरला तसा फटका बसला नाही, पण त्या पहाटेने प्रत्येकाच्या मनात घराच्या भिंतीचे भय घातले. छपराखाली झोपायला कोणी तयार होईना. अख्खी गल्ली अंगणात गोधड्या टाकून निजायची. निजायची म्हणजे नुसती पडायची. कुत्रे भुंकले तरी माणसे उठून बसत. अण्णांचे एक स्नेही त्या बाजूचे होते. ते सगळे घरच गेले. तेव्हापासून अण्णा बोलतच नव्हते म्हटले तरी चालेल.

अशाच एका रात्री शेजारच्या शिंपीकाकांनी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर बाहेर आणला आणि 'वऱ्हाडा'ची कॅसेट लावली. मला आठवते, पहिली काही मिनिटे कोणी हसले नाही. अशा दिवसांत हसावे की नाही, हेच कोणाला कळत नव्हते. मग अंधारात कोठेतरी एक म्हातारी फिसकन हसली. तिला आवरावे म्हणून दुसरी काही बोलायला गेली आणि तीही हसू लागली. थोड्या वेळाने शेजारच्या गोधडीतून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटले, अण्णा रडताहेत. ते हसत होते. त्या रात्री मी चौदा वर्षांचा होतो आणि पुष्कळ दिवसांनी झोपलो.

यानंतर जे सांगायचे आहे ते सांगताना आजही मान खाली जाते. एम.ए.साठी मी पुण्याला गेलो. पहिल्याच आठवड्यात खानावळीत कोणी विचारले, "काय चाललंय?" मी म्हणालो, "जेवलालाव." सगळे टेबल हसले. त्यात दुष्टावा नव्हता, पण माझ्या ताटातला घास कडू झाला. त्या दिवसापासून मी माझी बोली ट्रंकेत घालून कुलूप लावले. मराठीचा विद्यार्थी मी, ज्ञानेश्वरीतल्या जुन्या क्रियापदांवर निबंध लिहीत होतो आणि आईच्या क्रियापदांची लाज बाळगत होतो! एकदा अण्णा तूप घेऊन भेटायला आले. खोलीवरच्या मित्रांशी ते मोकळेपणाने बोलू लागले, तेव्हा मी मध्येच त्यांची वाक्ये 'शुद्ध' करून पुन्हा सांगू लागलो. अण्णांना ते लगेच कळले. त्यानंतर ते माझ्याशी बेताने बोलू लागले, एखाद्या साहेबाशी बोलावे तसे. पुढे मी अहमदपूरला परत आलो, अध्यापक झालो. पण आमच्या दोघांतले ते बेताचे बोलणे काही सुटले नाही.

लक्ष्मणरावांचा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला तो एकदाच, नांदेडला. अंगात झब्बा, हातात एक उपरणे. ते खांद्यावर गेले की वडीलधारे, डोक्यावरून आले की कोणी काकू. आवाज बदलायचा, पाठीचा बाक बदलायचा, आणि एक पाऊल इकडचे तिकडे होताच आपण नव्या माणसाकडे पाहत असायचो. पण खरी गोष्ट निराळीच होती. खेडवळ माणसाला रंगमंचावर आणून हशा मिळवणे सोपे आहे. धोतराचा सोगा जरा उचलला की शहर हसते. लक्ष्मणरावांची माणसे भांडखोर होती, अडाणी होती, गोंधळलेली होती. पण त्यांच्यातल्या एकालाही त्यांनी हलके केले नाही. विमानात वऱ्हाडाची फजिती होते ती विमान नवखे म्हणून. माणसे कमअस्सल म्हणून नव्हे. खानावळीतले टेबल मला हसले होते. इथे मात्र नांदेडचे सगळे सभागृह स्वतःला हसत होते, आणि हसून ताठ मानेने बाहेर पडत होते. या दोन हसण्यांतले अंतर मला पुण्यात कोणत्याही ग्रंथाने शिकवले नव्हते.

तर ती महाशिवरात्र. दूरचित्रवाणीवर त्या सकाळी दुसराच जल्लोष चालू होता. मुंबईच्या झोपडपट्टीवरील 'स्लमडॉग मिल्यनेअर'ला आठ ऑस्कर मिळाली होती, रेहमान यांना दोन. आनंदाचीच गोष्ट, पण अण्णांनी संच बंद केला. कपाटातून ती जुनी कॅसेट काढली. (शिंपीकाका गाव सोडून गेले तेव्हा ती आमच्याकडे ठेवून गेले होते.) फीत गुंतली होती. आम्ही दोघांनी मिळून पेन्सिल घालून ती गुंडाळली. बऱ्याच वर्षांनी आमचे हात एका कामात होते.

कॅसेट सुरू झाली. खरखर फार होती, तरी अण्णा हसू लागले, आणि मीही. आई आतून ओरडली,

"मानूस गेलाय, अन् तुमी दोघं हसूलालाव?"

अण्णा डोळे पुशीत म्हणाले, "मग काय रडत ऐकावं का हे?"

मी म्हणालो, "अण्णा, थांबा जरा, मागं घेऊलालाव. त्ये बबन्याचं पुन्यांदा ऐकू."

बोलून गेल्यावर माझे मलाच कळले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत. फक्त सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली.

सुतक किती दिवसांचे, याचा निकाल आमच्यापुरता असा लागला. पुढे माजलगावच्या संदीप पाठक यांनी हेच 'वऱ्हाड' पुन्हा रंगमंचावर आणले आणि माझे विद्यार्थी आता लक्ष्मणरावांना मोबाईलवर पाहतात. वर्षाच्या पहिल्या तासाला मी त्यांना घरच्या बोलीत स्वतःची ओळख करून द्यायला सांगतो. सुरुवातीला वर्ग हसतो. कोण कोणाला हसते आहे, याकडे मी नीट लक्ष ठेवतो.

आणि दर महाशिवरात्रीला फराळ झाला की आम्ही 'वऱ्हाड' लावतो. अण्णांना आता फार कमी ऐकू येते. ते माझ्या तोंडाकडे पाहत बसतात आणि पुष्कळदा वाक्य यायच्या आधीच हसतात.