एकच औषध, दोन नावांनी

बसवकल्याणच्या माणसाला मोठा डॉक्टर गाठायचा म्हटलं की सस्तापूर बंगल्यावर उभं राहून ठरवावं लागतं, सोलापूरची गाडी धरायची की हैदराबादची. कुणी बिदरला जातं, कुणी कलबुर्गीला. लेक उमरग्याला दिलेली असली तर तिकडंही एकदा दाखवून होतं. प्रत्येक गावची चिठ्ठी वेगळी, कंपनी वेगळी. बीपीच्या गोळ्यांचा घोळ बऱ्याचदा इथंच सुरू होतो.

समजा, गावातल्या डॉक्टरांनी ‘ॲमलाँग ५’ सुरू केली. पुढं सोलापुरात ‘टेल्मा-एएम’ लिहून मिळाली. जुनी बंद करा, हे कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलेलं बाहेरच्या गर्दीत विसरलं. ॲमलाँग म्हणजे ॲम्लोडिपिन. टेल्मा-एएममध्ये टेल्मिसार्टनच्या जोडीला पुन्हा ॲम्लोडिपिनच! रुग्ण दोन्ही गोळ्या इमानदारीनं घेतो आणि न ठरवताच त्या औषधाचा डोस दुप्पट होतो. मग घोटे सुजू शकतात, उठताना चक्कर येऊ शकते आणि घरचे घाबरून किडनीच्या तपासण्या करत फिरतात.

औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं, असा नियम २०१८ साली आला, त्याचा इथं उपयोग होतो. काही पट्ट्यांवर ते देवनागरीतही असतं. गोळ्या कापताना मेडिकलवाल्याकडून नावाची बाजू मागून घ्यावी. नुसते चार फुगे हातात आले तर पुढच्या डॉक्टरनं काय वाचायचं?

झाडपाल्याच्या औषधानं काय होतंय, ही समजूतही तपासून घ्यावी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचे निष्कर्ष छापले, तेव्हा या मुळीनं रक्तदाब खरोखर उतरतो हे जगाला पटलं. पुढं तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं. त्यानं काहींना नैराश्य येतं, हेही कळलं. म्हणजे सर्पगंधेचं चूर्ण हेही बीपीचंच औषध. ते घेत असल्याचं डॉक्टरांपासून लपवलं तर हिशेब पुन्हा चुकतो.

दुसऱ्या टोकाला गोळी परस्पर बंद करणारे. ‘एकदा लागली की सुटत नाही’ म्हणून सुरूच न करणारेही थोडे नाहीत. गोळीची सवय लागत नसते. मूळचा आजार राहतो म्हणून ती चालू ठेवावी लागते. डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी उतरलं असंही नाही. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल एकाएकी सोडलं तर छातीत दुखण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत मजल जाऊ शकते. एनालाप्रिल, रॅमिप्रिलनं कोरडा खोकला मागं लागला तर डॉक्टर गोळी बदलून देतात. सकाळी की रात्री, यावर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही वेळा सारख्याच ठरल्या; तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. लघवी वाढवणारी गोळी तेवढी सकाळी बरी, नाहीतर रात्रभर उठबस. गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावं. बाळाला त्या घातक ठरतात.

गुडघेदुखीच्या गोळ्यांकडं मात्र कुणाचं लक्ष नसतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमध्ये मागितल्या की मिळतात. त्या बीपी वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीच्या जोडीला आल्या तर किडनीवर ताण पडतो. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असताना तर हे त्रिकूट फारच वाईट. अशा वेळी बीपीची गोळी चालू ठेवायची की एक-दोन दिवस थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं. ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठाचंही नाव त्यांच्या कानावर घालावं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनही शरीरातलं पोटॅशियम वाढवतं.