ड्राइव्ह, इन्व्हर्टर, चार्जर बनवतो कोण? पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधल्या सीनिअर इंजिनिअरचे काम समजून घ्या

बेळगाव : उद्यमबागच्या फाऊंड्रीतली इंडक्शन भट्टी, शेतातला सोलर पंप, घरातला इन्व्हर्टर आणि रस्त्यावरची इलेक्ट्रिक स्कूटर. या चारही ठिकाणी एक अडचण सारखीच असते. मिळालेली वीज आहे तशी चालत नाही, ती हव्या त्या रूपात बदलून घ्यावी लागते. हे काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे.

भट्टीचेच बघा. लाईनवरून 50 हर्ट्झची एसी वीज येते. तिची आधी डीसी करतात आणि त्या डीसीपासून पुन्हा काही शे हर्ट्झची एसी तयार करतात. त्यासाठी आतले सेमीकंडक्टर स्विच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. ड्राइव्ह आणि चार्जरमध्ये तर हजारो वेळा. यातला आयजीबीटी हा महत्त्वाचा स्विच विकसित करणारे बी. जयंत बालिगा मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. 2024 चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना मिळाला.

नवखा आणि सीनिअर, फरक काय?

नव्या इंजिनिअरकडे सहसा एखादे सर्किट किंवा एखादी टेस्ट असते. सीनिअरकडे अख्खे प्रॉडक्ट असते. कुठला स्विच घ्यायचा, ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा, बोर्डवर तांब्याचे ट्रॅक कसे न्यायचे, पंखा किती मोठा लावायचा, सुरक्षेच्या चाचण्या कशा पास करायच्या आणि हे सगळे ठरलेल्या किमतीत कसे बसवायचे, याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

साधे उदाहरण घ्या. 415 व्होल्टची थ्री-फेज लाईन डीसी केली की सुमारे 585 व्होल्ट होतात. मग 600 व्होल्टचा स्विच का चालत नाही? लाईन 10 टक्के वर गेली तर हेच 645 व्होल्ट होतात. शिवाय स्विच बंद होताना क्षणभर व्होल्टेज उसळते ते वेगळेच. म्हणून इथे 1200 व्होल्टचा स्विच घेतात. भाव बघून कमी रेटिंगचा घेतला, तर टेस्ट बेंचवर कदाचित चालेल, गावाकडच्या लाईनवर उडेल.

वेळेचेही तसेच. एकावर एक असलेल्या दोन स्विचपैकी वरचा पूर्ण बंद झाल्याशिवाय खालचा चालू व्हायला नको. मधे एखाद-दोन मायक्रोसेकंद मोकळे ठेवतात. ते चुकले तर सरळ शॉर्टसर्किट.

खरा शत्रू उष्णता

20 किलोवॅट घेणाऱ्या ड्राइव्हची कार्यक्षमता 97 टक्के असेल तर 600 वॅट आतच जळतात. म्हणजे बंद पेटीत 60 वॅटचे दहा बल्ब लावल्यासारखे. 98 टक्के केली तर हेच 400 वॅट होतात. एका टक्क्यासाठी महिनोन्‌महिने घालवतात ते उगाच नाही.

उष्णतेने सगळ्यात आधी थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. 105 अंशाला 5,000 तास टिकणारा कपॅसिटर 85 अंशाला 20,000 तास टिकतो. चोवीस तास चालणाऱ्या मशीनमध्ये हे जेमतेम सव्वादोन वर्षे. तोच 75 अंशावर ठेवला तर साडेचार वर्षे जातो.

आता समजा, गॅरंटी दोन वर्षांची आहे. छोटा हीटसिंक लावला तर पैसे वाचतात, प्रॉडक्ट गॅरंटीत टिकते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बंद पडते. कागदावर कंपनीचे काहीच बिघडत नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी मधेच थांबली, तर वितळलेले लोखंड आतच गोठू लागते आणि नुकसान फाऊंड्रीवाल्याचे होते. अशा वेळी मीटिंगमध्ये ‘हे असे जाऊ देणार नाही’ म्हणणे हेही सीनिअरचेच काम. त्यासाठी हातात आकडे लागतात, आणि बोलायची तयारीही.

2021 च्या सुमारास जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा हीच कसोटी लागली. ठरलेला पार्ट मिळत नाही म्हणून पर्यायी पार्ट घालायचा, तर पुन्हा सगळ्या चाचण्या करणे आले.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

बेळगाव, कोल्हापूर, हुबळी पट्ट्यात इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले बरीच आहेत. या क्षेत्रात यायचे तर सर्किट थिअरी पक्की हवी, डेटाशीट बारकाईने वाचता यायला हवी, ऑसिलोस्कोप आणि सोल्डरिंगची सवय हवी. जळालेला बोर्ड फेकून न देता तो का जळाला हे शोधायची चिकाटी असेल तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र शिकणाऱ्यांनी आणि पॅनेल उघडणाऱ्या कामगारांनी कायम लक्षात ठेवावी. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असतात. पॅनेलवर लिहिलेली मिनिटे थांबावे, मीटरने तपासावे आणि मगच हात घालावा.