जंतू निबर का होतात?

‘डॉक्टर, अंगाला औषधाची सवय झाली, आता जोराचं द्या,’ असे रुग्ण मला नेहमी सांगतात. हा गैरसमज आहे. सवय अंगाला होत नाही. औषधाला दाद देईनासे होतात ते जंतू.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. रुग्णाच्या फुप्फुसात क्षयाचे कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यांची वाढ होताना लाखोंत एखादा असा निपजतो, की ज्याच्यावर एखादे औषध चालत नाही. तेवढे एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि हा उरतो. पुढे त्याचीच पैदास होते. हरभऱ्यावर तेच ते कीटकनाशक मारत राहिल्यावर घाटेअळी मरेनाशी होते, तसेच हे. म्हणूनच क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे देतात. एकातून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरतो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांपैकी तिघांनी दीड वर्षात सरासरी चार खासगी डॉक्टर केले होते. औषधे एकेक करून वाढवलेली, मात्राही अनेकदा चुकलेली. जंतूंना जणू एकेक पायरी चढायला दिली होती.

आपल्याकडे हा धोका वेगळ्या वाटेने येतो. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात. महिना-दीड महिन्यात खोकला थांबलेला असतो, भूक लागते, वजन वाढते. ‘बरा झालो’ म्हणून गोळ्या सुटतात. इथेच घात होतो. उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात आणि खोकल्यावाटे कोपीतल्या लेकरांपर्यंत पोचतात. त्या लेकराने औषधाचा एकही डोस चुकवलेला नसतो, तरी त्याचा क्षय पहिल्या दिवसापासूनच निबर असतो.

तेव्हा एवढे करा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. गावाबाहेर जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा. तुमची नोंद कारखान्याजवळच्या सरकारी केंद्राकडे पाठवता येते आणि तिथेही औषधे मोफत मिळतात. उलट्या, कावीळ किंवा अंधूक दिसण्याचा त्रास झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरे वाटले म्हणून मात्र गोळ्या सोडू नका. औषध कधी थांबवायचे, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.